तानपुरा खाणारा कॉम्प्युटर आणि गोदूताई

गोदूताई आपटीकर दुकानात शिरल्या की दुकानदार आधी पाणी मागवायचा. त्यांच्यासाठी नाही, स्वतःसाठी.

मटकं असो, पंखा असो, कुकर असो, ताई वस्तू बघायच्या नाहीत, ऐकायच्या. मटक्यावर बोटाचं पेर मारायचं, मान वाकडी करायची, डोळे मिटायचे. मग म्हणायचं, "ये नहीं. दूसरा." दुसऱ्याचं पण तेच. ग्वाल्हेरला आमच्या जयेंद्रगंजच्या गल्लीत उन्हाळ्यात मटक्यांचा ठेला यायचा. तो बिचारा त्यांचं दार आलं की ठेला पळवत न्यायचा. तर ताई खिडकीतून ओरडायच्या, "अरे भैया, पहिये में तेल डालो, मुहल्ला रो रहा है!"

शेजारणीच्या कुकरची शिट्टी ऐकून भिंतीपलीकडून सांगायच्या, "सूनबाई, रिंग बदला. शिट्टी उतरलीय." आणि रिंग खरंच गेलेली असायची.

त्या गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. मराठी मंडळाच्या अंकात त्यांच्यावर कुणीतरी चार ओळी लिहिल्या आहेत. शांत, मृदू, मितभाषी व्यक्तिमत्त्व. मी वाचलं, चष्मा पुसला, परत वाचलं. म्हटलं, दुसऱ्या कुणा बाईंचं इथं छापलं गेलंय. गोदूताई मृदू असत्या तर अर्ध्या लष्कर भागाला त्यांचं नाव कशाला माहीत झालं असतं? म्हणून मी लिहायला बसलो. शिक्षण माझं पाचवी, ती पण मास्तरांनी कंटाळून पास केलेली. पण मी त्यांच्या समोरच्या घरात जन्म काढला, आणि लिहिणाऱ्याने तो काढलेला नाही.

मी जाधव. आमचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इकडे आले. घरात अजून एक भाला आहे, त्यावर पावसाळ्यात कपडे वाळतात. ताईंचे पूर्वज दरबारात कारकून. त्यांच्या घरात भाला नव्हता, त्यांच्याकडे जीभ होती. ताई मुलींच्या शाळेत गाणं शिकवायच्या. लग्न केलं नाही. का नाही केलं असं कुणी विचारलं की म्हणायच्या, "आलेल्यांपैकी एक घोरणारा वाटला, एक घोरणारा निघाला." कसं कळलं ते कधी सांगितलं नाही. नोकरी संपल्यावर घरी शिकवायला लागल्या. सकाळी त्यांच्या घरी मुलींच्या चपलांचा ढीग असायचा.

गाणं मला कळत नाही, हे आधीच सांगतो. सगळे राग मला सारखेच लांब वाटतात.

मी जन्मभर सवारीचा टेंपो चालवला, बाडा म्हणजे आमचा बाजारचौक, तिथून स्टेशन. ताई माझ्या टेंपोत पहिल्यांदा बसल्या तेव्हा बाड्यापर्यंत गप्प होत्या. उतरताना म्हणाल्या, "जाधव, तुमचा भोंगा कुठल्याच पट्टीत नाही. ना काळीत ना पांढरीत. मधेच लटकतोय. त्रास होतो."

मी म्हटलं, "ताई, भोंगा त्रास द्यायलाच असतो. नाहीतर म्हैस हटणार कशी?"

"म्हशीला पण कान आहेत," म्हणाल्या आणि गेल्या.

नंतर किती महिने त्या माझ्या टेंपोत बसल्या नाहीत. मागच्या टेंपोत बसायच्या आणि माझ्याकडे बघून हात करायच्या. म्हणजे राग नाही, फक्त भोंगा. शेवटी मी भोंगा बदलला. का बदलला ते मला आजही सांगता येणार नाही. माझी बायको शांता म्हणाली, "मी सांगते ते एक ऐकत नाही, त्यांचं बरं ऐकलं."

शांताची आणि त्यांची पक्की मैत्री. थंडीत दुपारी दोघी आमच्या ओट्यावर उन्हात मटार सोलत बसायच्या. मटार थोडे, मोहल्ल्याची चौकशी जास्त. मी आलो की एकदम मटारच मटार.

मग शांता गेली. लोक भेटायला आले, म्हणाले, सुटली बिचारी. मी म्हटलं, ती सुटली, मी अडकलो. त्यानंतर लोक जरा कमी आले. ताई तेराव्याला आल्या. खुर्चीत बसून वर बघत राहिल्या. जाताना म्हणाल्या, "जाधव, पंख्याला तेल घाला. शांतानं हा आवाज एक दिवस चालवून घेतला नसता."

सगळ्यांच्या सांत्वनात मला लागू पडलं ते एवढंच. मी शिडी लावली, तेल घातलं, आणि शिडीवरच बसून रडलो. कारण खाली सगळे नातेवाईक होते.

आता खरी गोष्ट सांगतो, कॉम्प्युटरची.

ताईंचा भाचा श्रीरंग पुण्याला असतो. मुलगा चांगला आहे, उगाच का खोटं बोलू. दर वेळी फोनवर म्हणायचा, "आत्या, आता इकडे ये." ताई म्हणायच्या, "माझ्याकडे शिकायला येणारं कुणी आहे तोवर मी ग्वाल्हेर सोडणार नाही." हे म्हणताना घरात चपलांचा ढीग होता, म्हणून बिनधास्त म्हटलं. पण ढीग कमी होत गेला. कुणाचं लग्न झालं, कुणी नागपूरला गेली, कुणी इंदूरला. शेवटी उरली एकटी रुची. लहानपणापासून यायची, ताईंची लाडकी. तिला पण बंगलोरला नोकरी लागली. गेली. आणि श्रीरंगने लगेच ताईंचं वाक्य ताईंनाच परत दिलं. "आत्या, आता कुणी नाही ना? मग दिवाळी झाली की मी न्यायला येतो."

ताई स्वतःच्या शब्दात पकडल्या गेल्या. त्यांनी आधी फोनवर रुचीला शिकवायचा प्रयत्न केला. फोन हळदीच्या डब्याला टेकवून ठेवायच्या, तो घसरायचा. घसरला नाही तर दिसायचं नाही. "एवढीशी दिसते ही," नखावर दाखवायच्या. "तोंड किती उघडलंय ते दिसत नाही. मी काय मुंगीला गाणं शिकवू?"

रुचीने सुचवलं, ऑल-इन-वन घ्या. मोठा स्क्रीन, त्याच्याच पाठीत कॉम्प्युटर. खाली वेगळा डबा नाही, वायरींचं जंगल नाही.

त्या दिवशी मी ओट्यावर बसलो होतो. शांता गेल्यापासून मी तिथंच असायचो. ताई गल्ली ओलांडून आल्या.

"जाधव, ओटा झिजेल. उठा. कॉम्प्युटर घ्यायचाय."

"मला त्यातलं काय कळतं?"

"मला पण काही कळत नाही. एकटं गाढव गेलं तर गाढव. दोन गेली तर कमिटी."

"आणि कमिटीत माझं काम काय?"

"तानपुरा उचलायचा."

अशी आमची कमिटी ऑटोत बसून बाड्याकडे निघाली. तानपुऱ्याचा भोपळा माझ्या मांडीवर, दांडी बाहेर. ऑटोवाला म्हणाला, "अंकल, सवारी तीन की लगेगी." ताई म्हणाल्या, "लग जाएगी. ये तुमसे कम बोलता है."

दुकानात विवेक नावाचा टाय लावलेला माणूस होता. पहिल्यांदाच भेटत होता, म्हणून त्याने पाणी मागवलं नाही. विचारलं, "अम्माजी, यूज़ क्या रहेगा?"

"गाना."

"अच्छा, गाने सुनने हैं!"

"सुनने नहीं, सुनाने हैं."

तो प्रोसेसर, रॅम, जीबी असं सांगायला लागला. ताई म्हणाल्या, "वो बाद में. चालू करो और चुप रहो." मग एकेका मशीनच्या पाठीला कान लावून उभ्या राहिल्या, डॉक्टरसारख्या. पहिलं मशीन गायीसारखं हंबरत होतं. दुसऱ्याच्या पोटात कुरकुर होती. ताईंनी विचारलं, "इसमें चूहा है?" विवेक म्हणाला, जुन्या पद्धतीची डिस्क आहे, आत फिरते. नवीन प्रकारची फिरत नाही, आवाज नाही, आणि काम पण झटपट. "तो वो क्यों रखा है?" विवेकने पुढचं मशीन चालू केलं. कॉम्प्युटरमधली एवढी एकच गोष्ट मला पक्की समजली आहे, की न फिरणारी डिस्क घ्यावी. पोटात उंदीर पाळू नये.

तिसरा त्यांना बरा वाटला. "हा हळू बोलतो," म्हणाल्या. आणि दुकानाच्या फरशीवर मांडी घालून बसल्या.

विवेक घाबरला. "अम्माजी, चक्कर आया क्या?"

"मी गाताना खाली बसते. हा टेबलावर ठेवलास तर याचा कॅमेरा माझ्या डोक्यावरून बघणार. कबुतरं मोजायला घेतेय का मी याला? नीचे रखो."

खोकं आणलं, त्यावर मशीन ठेवलं. शेजारचं एक मशीन खाली झुकेचना, ते गेलं. एकाची काच आरशासारखी चमकत होती. "यात मीच दिसते. मला मी नाही बघायची, मुलगी बघायची." ते पण गेलं. हळू बोलणाऱ्याची काच मंद होती आणि मान पण वाकत होती. माणूस असता तर लग्न जमलं असतं.

मग ताईंनी विचारलं, सगळं एकातच म्हणजे काय काय? विवेकने कौतुकाने सांगितलं, स्क्रीन, स्पीकर, कॅमेरा, माइक, सगळं एकाच अंगात. ताई माझ्याकडे वळल्या. "म्हणजे एकत्र कुटुंब. एकाला ताप आला की सगळे दवाखान्यात."

"अम्माजी, वॉरंटी है. इंजीनियर घर आएगा."

"कहाँ से आएगा?"

"यहीं से. हमारा ही आदमी है."

"बुलाओ. शक्ल देखनी है."

आणि त्या खरंच इंजिनियर येईपर्यंत बसून राहिल्या. तो आला, हातात समोसा. ताईंनी त्याला नीट बघितलं. म्हणाल्या, "हा येईल. ज्याला भूक लागते तो माणूस वेळेवर येतो."

आता राहिली शेवटची परीक्षा. विवेकने व्हिडिओ कॉल लावला. काचेवर रुची आली, चांगली माणसाएवढी. ताईंनी कव्हर काढलं, तानपुरा जुळवला. दुकानातली गिऱ्हाइकं जवळ सरकली. ताईंनी सा लावला.

"ताई, एकदम क्लिअर दिसताय!" रुची म्हणाली. "तानपुरा लावा ना आता."

"लावलाय की."

"नाही येत."

"अगं वाजवतेय मी! बोटं दिसत नाहीत का?"

"बोटं दिसतायत, आवाज नाही येत. आणि ताई, तुमचा सा पण... पहले आता है, फिर गायब. बुडतो मधेच."

ताईंनी मशीनकडे असं बघितलं, जसं पाहुण्याला चमचा खिशात टाकताना बघावं. "जाधव," म्हणाल्या, "हा माझा तानपुरा खातोय."

आम्ही दुसऱ्या दुकानात गेलो. त्याने पण खाल्ला. आणखी एका ठिकाणी गेलो, काचेचं दार, आत एसी. तिथल्या मशीनने तर तानपुऱ्याचं नामोनिशाण ठेवलं नाही. जेवढं महाग, तेवढं खादाड. तिथला माणूस उलट खूश. "अम्माजी, ये सबसे बढ़िया है. इसमें एआई है. जितना भी शोर है ना, सब साफ कर देता है."

ताई उठून उभ्या राहिल्या. "शोर?"

"हाँ जी, पीछे का जो शोर आता है..."

"पीछे का शोर? बेटा, ये तानपुरा है. इसके बिना मैं शोर हूँ."

त्याला काही कळलं नाही. मला अर्धं कळलं. आम्ही तानपुरा गुंडाळून बाहेर आलो.

परतताना ऑटोत ताईंनी तानपुरा स्वतःच्याच मांडीवर घेतला. चौकातला बेसूर बँडबाजा बाजूने गेला तरी काही म्हणाल्या नाहीत. घराजवळ आल्यावर म्हणाल्या, "पुण्याला थंडी कमी असते, नाही का हो जाधव?"

मी म्हटलं, "मला नाही माहीत." त्यांनी असं विचारलेलं मला आवडलं नाही. ग्वाल्हेरच्या थंडीला त्यांनी आजवर नावं ठेवली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. उघडलं तर ताई, हातात केरसुणी.

"जाधव, हे काय आहे?"

"केरसुणी. झाडायला आलात का?"

"कुणीतरी झाडतं म्हणजे केरसुणी असते. केरसुणी असते म्हणजे ती टांगायला खुंटी पण असते. तो एसीतला मूर्ख काय म्हणाला? सगळं साफ करून देतो. मशीन बहिरं नाही हो! ते माझा तानपुरा ऐकतं, आणि कचरा समजून लोटतं. मग त्याला सांगायचं, बाबा, आज सुट्टी घे."

रुचीला फोन लावला. ताईंनी केरसुणीसकट सगळं समजावलं. मग रुची इतक्या जोरात ओरडली की मला पण ऐकू आलं. "अरे हाँ ताई! सेटिंग असते ना त्याची! मी रोज ऑफिसच्या कॉलमध्ये वापरते, खालचे कुत्रे ऐकू जाऊ नयेत म्हणून. मेरे दिमाग में ही नहीं आया!"

"कुत्रे आणि तानपुरा एका पंगतीत बसवलेस," ताई म्हणाल्या. पण चिडल्या नव्हत्या. चेहरा असा झाला होता की शांता असती तर म्हणाली असती, बघा, मटार गोड निघाले.

आम्ही परत पहिल्या दुकानात. विवेकने आम्हाला दारात बघितलं आणि पाणी मागवलं. ताई सरळ फरशीवर. रुची फोनवरून सांगत होती, विवेक बटणं दाबत होता. झाडणारे दोन निघाले. एक त्या कॉलचा, एक मशीनचा स्वतःचा. पहिल्याला सुट्टी दिली तरी दुसरा लोटतच होता. दोघांना बसवलं तेव्हा ताईंनी तार छेडली.

रुची काचेच्या जवळ सरकली.

"ऐकू येतंय का?" ताईंनी विचारलं.

"येतंय ताई." रुचीने डोळे पुसले. "सगळंच येतंय."

सगळंच म्हणजे सगळंच. तानपुरा तर गेलाच, त्याच्यामागे बाहेरचे ऑटो गेले, तिळाची गजक विकणारा रस्त्यावरचा गजकवाला गेला, विवेकच्या मालकाचं फोनवरचं भांडण गेलं, सगळं बंगलोरला पोचलं. रुची रडत होती आणि हसत होती. "ताई, गजकवाला ओरडला ना आत्ता? मैंने सुना! मी बाड्यावर उभी आहे असं वाटलं."

"रडणं नंतर. सा लाव."

आणि ताईंनी तिथंच, दुकानाच्या फरशीवर, अख्खा धडा दिला. दुकान भरलं. एक गृहस्थ प्रिंटर घ्यायला आलेले, ते प्रिंटर हातात धरून शेवटपर्यंत उभे राहिले. त्यांच्या बायकोने खाली ठेवा म्हटलं तर म्हणाले, "श्श."

उठताना ताईंनी मशीनच्या पाठीवर हात फिरवला. "तुझं काही चुकलं नव्हतं हो. मीच तुला खादाड म्हटलं."

विवेक म्हणाला, "अम्माजी, थोड़ा सॉरी हमको भी बोल दो."

"तुमको क्यों? ये बेचारा बोल नहीं पाता. तुम तो पहले दिन से बोल ही रहे हो."

मशीन घरी आलं, चौरंगावर बसलं. ताईंनी त्याला फुलं वाहिली नाहीत, पण वरून रुमाल घातला. बातमी मुलींमध्ये पसरली. नागपूरची आली, इंदूरची आली, एक कॅनडातून आली, तिच्याकडे रात्र असायची, ती स्वेटर घालून बसायची. काचेवर चौकटीच चौकटी. ताई कुणाला नावाने हाक मारायच्या नाहीत. "खालची डावी, मान वर. मधली, कुठे बघतेस, स्वयंपाकघरात?" आवाज एकमेकींना जरा उशिरा पोचायचा, त्यामुळे सगळ्या एकदम गायल्या की दोन वराती एका गल्लीत शिरल्यासारखं व्हायचं. मग ताईंनी नियम केला. एक गाणार, बाकीच्या माइक बंद करून ऐकणार. "चाळीस वर्षं शाळेत हेच सांगत होते, तोंड मिटा. आता त्याला बटण आलं."

मी मनात म्हटलं, झालं, पुण्याचं संकट टळलं. मला आनंद झाला. शांता गेल्यानंतर मला कशाचा आनंद झाला असेल तर तो याचा.

दिवाळी झाली आणि श्रीरंग आला. बरोबर रिकामी सूटकेस, मोठी, चाकांची. ताईंचा वर्ग चालू होता, तो गप्प बसून बघत राहिला. खरंच खूश झाला. वर्ग संपला तसा म्हणाला, "वा आत्या! काय छान केलंस! मग आता तर काही अडचणच नाही. हे पुण्याहून पण होईल. उलट आपल्याकडे नेट जास्त चांगलं आहे."

माझ्या हातात चहा होता, तो तसाच राहिला. खरंच की. मुली काचेत आल्या म्हणजे काच कुठेही ठेवा. ताईंनी इथं राहता यावं म्हणून एवढी दुकानं पालथी घातली, आणि त्या मशीननेच त्यांच्या जाण्याचा रस्ता साफ केला. आमच्या कमिटीच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. मी ताईंकडे बघितलं. त्यांच्या पण आलं नव्हतं.

जरा वेळाने त्यांनी विचारलं, "तुझ्याकडे पहाटे मी तानपुरा जुळवला तर?"

"अगं, कुणाला काही त्रास नाही. आमच्या खिडक्या डबल काचेच्या आहेत. आणि तुझ्या खोलीला मी आतून फोम लावून देतो. तू कितीही गा, बाहेर चिटपाखराला कळणार नाही."

तो मायेनेच म्हणाला. ताई पण मायेनेच हसल्या.

"श्रीरंगा, तू गुणाचा आहेस. एसीच्या दुकानातला तो माणूस पण वाईट नव्हता. तो पण म्हणत होता, सगळं साफ करून देतो." मग गल्लीकडे हात केला. "इथं मी सकाळी तानपुरा लावला की ते समोरचे जाधव गॅस पेटवतात. शेजारची सून पोराला उठवते. कोपऱ्यावरचा न्हावी शटर उघडतो. गेल्या वर्षी मला ताप आला तेव्हा अर्धी गल्ली शाळेत उशिरा गेली. तुझ्याकडे माझ्या गाण्यानं कोण उठणार आहे रे? फोम?"

मी गॅस कधी पेटवतो ते त्यांना माहीत आहे, हे मला माहीत नव्हतं. मलाच नीट माहीत नव्हतं की मी त्यांच्या तानपुऱ्यावर पेटवतो.

"आणि पडलीस तर?" श्रीरंगने विचारलं. आवाज खाली आला होता. "एकटी असतेस. कोण बघणार?"

"जाधव आहेत."

श्रीरंगने माझ्याकडे बघितलं. काय बघितलं असेल ते मला कळलं, मी आरसा रोज बघतो. मी म्हटलं, "बाळ, त्यांना उचलायला मी नाही पुरणार. मलाच दोघं लागतील. पण सकाळी तानपुरा वाजला नाही तर ते कळायला मी पुरतो. दार फोडीन. भाला आहे माझ्याकडे."

तो एकदम हसला, आणि हसता हसता डोळे पुसायला लागला. ताई म्हणाल्या, "जाधव, तुम्ही दार फोडू नका, किल्ली घेऊन ठेवा. दार सागवानी आहे."

सूटकेस रिकामी परत गेली नाही. ताईंनी तिच्यात गजक भरली, पापड भरले, श्रीरंगच्या बायकोसाठी चंदेरी साडी भरली. चाकं वाजली तेव्हा खिडकीतून म्हणाल्या, "श्रीरंगा, मागच्या चाकाला तेल दे!" तो म्हणाला, "हो आत्या." म्हणजे राहिल्या.

पुढच्या वैशाखात एका सकाळी लाईट गेली. हिवाळ्यात फार जात नव्हती, गेली तरी वर्ग संपल्यावर. आता ऐन वर्गात गेली. आम्ही त्या मशीनचं पोट ऐकलं, मान वाकवली, चमक बघितली, इंजिनियरचं तोंड बघितलं, पण लाईट गेल्यावर याचं काय होतं ते कुणी विचारलं नाही. रुचीच्या फोनला बॅटरी, लॅपटॉपला बॅटरी. याला नाही. लाईट गेली की हा पण गेला.

मी खांबाजवळ जाऊन लाइनमनला विचारून आलो. म्हणाला, दुपारपर्यंत नाही येणार. हे ताईंना सांगावं म्हणून मी त्यांच्याकडे गेलो. दार उघडंच होतं. ताई चौरंगासमोर बसलेल्या, मांडीवर तानपुरा. समोर काच काळी. आणि त्या गात होत्या. काळ्या काचेला तोंड करून, जशा मुली अजून तिथंच बसल्या आहेत. घामाने पदर ओला झाला होता.

मी म्हटलं, "ताई, लाईट गेलीय. मुलींना ऐकू नाही जात." त्यांनी डोळे न उघडता हात वर केला. थांबा. निरोप माझ्या तोंडातच राहिला. मी उंबऱ्यावर बसलो.

गल्लीतले सगळे कूलर बंद होते. पंखे बंद होते. टीव्ही, मोटर, सगळं गप्प. उकाड्याने लोक ओट्यांवर येऊन बसले होते. शेजारची सून मुलाला पुठ्ठ्याने वारा घालत होती, न्हावी खुर्ची बाहेर घेऊन बसला होता. कुणी कुणाला बोलायला सांगितलं नव्हतं, गप्प बसायला पण सांगितलं नव्हतं. आणि गोदूताईंचा आवाज, कुठेही न अडकता, पार गल्लीच्या टोकापर्यंत जात होता.